प्रवासी नसलेली आगगाडी

१८९१ साली जॉर्ज इनेस हा साठी ओलांडलेला अमेरिकन चित्रकार बायकोसह मेक्सिकोला गेला होता. मेक्सिको सिटीत जुन्यापुराण्या वस्तूंच्या एका दुकानात त्याला एक धूळ खात पडलेले निसर्गचित्र दिसले. दरी, डोंगर, मधोमध धुराचा पिसारा काढत येणारी आगगाडी. चित्र कुणाचे ते दुकानदाराला ठाऊक नव्हते; कुठल्याशा कचेरीचे सामान विकत घेतले, त्यात ते आले होते. इनेसला मात्र विचारायची गरज नव्हती. पस्तीसेक वर्षांपूर्वी ते त्यानेच काढले होते. स्वतःचेच चित्र पैसे मोजून विकत घेऊन तो घरी परतला.

आज ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाव ‘द लॅकवाना व्हॅली’. अमेरिकेतल्या रेल्वेचित्रांची गोष्ट कुणी सांगायला घेतली, की हे चित्र टाळून पुढे जाता येत नाही. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते त्याच काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, अटलांटिकपलीकडच्या या प्रजासत्ताकात रेल्वे कशी रंगवली गेली आणि ती तशीच का रंगवली गेली, हे त्यात एकाच फटक्यात दिसते.

हे काम इनेसला मिळाले १८५५ च्या सुमारास. तो तिशीतला, संसार वाढता आणि खिसा रिकामा. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या मुलखात नुकतीच उभी राहिलेली ‘डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न’ ही रेल्वे कंपनी ७५ डॉलर द्यायला तयार होती. कंपनीला स्क्रँटन गावातला आपला कारखाना, इंजिनांचे गोल शेड आणि गाडी कॅनव्हासवर हवी होती. जाहिरातच म्हणायची. इनेसच्या मुलाने पुढे वडिलांचे चरित्र लिहिले, त्यात या व्यवहाराची हकिकत आहे. शेडकडे जाणारा रूळ तेव्हा एकच होता, पण पुढे आणखी येणार आहेत तर ते आत्ताच दाखवा, असा साहेबांचा आग्रह. शिवाय इंजिनावर कंपनीची आद्याक्षरे नीट वाचता आली पाहिजेत. इनेस वैतागला, पण घरात चूल पेटायची होती. त्याने रूळ वाढवले, अक्षरेही काढली.

पण चित्रकार मालकाला पुरा विकला गेलेला नाही. चित्राच्या पुढच्या भागात उतारावर एक मुलगा पहुडला आहे. अंगात लाल जाकीट, डोक्यावर गवती टोपी, पाठ आपल्याकडे. तो गाडीकडे बघतो आहे. आणि त्याच्यापासून थेट रुळांपर्यंत सगळ्या उतारावर तोडलेल्या झाडांची खोडे आहेत. एक-दोन नव्हेत, नजर टाकावी तिथे खोडे. स्लीपर याच लाकडाचे, पूल याच लाकडाचे, आणि त्या काळातली बहुतेक अमेरिकन इंजिने कोळशावर नव्हे तर लाकडावरच धावत. मागे धुक्यात मिसळलेले डोंगर, चर्चचे टोक, शेडचा घुमट, वाफ आणि धूर हे सगळे इतक्या मऊ सोनेरी उजेडात न्हालेले आहे, की ही खोडे म्हणजे तक्रार आहे की नुसती नोंद, यावर अभ्यासक अजून भांडतात. कंपनीने त्यात जाहिरात पाहिली. खोडे मोजायला कुणी बसले नसावे.

एक गोष्ट मात्र या चित्रात शोधूनही सापडत नाही. प्रवासी. गाडी आहे, तिच्याकडे बघणारा आहे, पण तिच्यात बसलेला माणूस नाही. आणि हे एकट्या इनेसच्या बाबतीत घडलेले नाही.

त्याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते ते शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. १८६२ साली विल्यम पॉवेल फ्रिथने लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनचा फलाट रंगवला. त्यात नवी नवरी, शाळेला निघालेली पोरे, गाडीत चढता चढता पकडलेला गुन्हेगार, ट्रंका, हमाल अशी जत्राच आहे. ऑगस्टस एगने त्याच वर्षी डब्यात समोरासमोर बसलेल्या, घेरदार झग्यांतल्या दोन तरुणी काढल्या. एक वाचते आहे, दुसरी झोपली आहे, बाहेरचे रम्य दृश्य कुणीच बघत नाही. फ्रान्समध्ये दोम्येने तिसऱ्या वर्गातली थकलेली आजी, बाळाला पाजणारी आई आणि पेंगणारा मुलगा काढला. तिकडे रेल्वे म्हणजे माणसे आणि माणसांचे वर्ग.

गंमत अशी की दोम्येच्या त्या डब्यांना गिऱ्हाईक भेटले अमेरिकन. बाल्टिमोरचे दारूचे व्यापारी विल्यम वॉल्टर्स यादवी युद्धाच्या काळात पॅरिसमध्ये जाऊन राहिले होते. त्यांनी आपल्या मध्यस्थामार्फत दोम्येकडून १८६४ मध्ये पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग अशी जलरंगातली मालिकाच करवून घेतली. पुढे हेच वॉल्टर्स अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रेल्वेचे बडे भांडवलदार झाले. म्हणजे रेल्वेच्या मालकाला फ्रेंच प्रवासी भिंतीवर चालत होते. अमेरिकन प्रवासी कुणी काढावेत असे मात्र त्याला किंवा त्याच्यासारख्यांना फारसे वाटलेले दिसत नाही.

अमेरिकेत रेल्वेचे पहिले मोठे चित्रकार-निरीक्षक थॉमस कोल. त्यांच्या बाबतीत मामला उलटा होता; त्यांना रेल्वेने पैसे दिले नव्हते, त्रास दिला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावी ते राहत आणि ओढ्याकाठची वनराई हा त्यांचा जीव की प्राण. १८३६ मध्ये कॅनाजोहारी आणि कॅट्सकिल यांना जोडणाऱ्या रेल्वेसाठी तिथली झाडे तुटू लागली, तेव्हा आपल्या एका आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रात कोल यांनी तोडणाऱ्यांना सरळ रानटी ठरवले. त्याच सुमारास त्यांनी त्या जागेचे जे चित्र केले त्यात रेल्वेचे नावही नाही. झाडी दाट, पाणी शांत, बाई आपल्या मुलाकडे येते आहे. हे चित्र ज्यांच्यासाठी होते ते जोनाथन स्टर्जेस पुढे इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मंडळींत जाऊन बसले, हा भाग वेगळा.

१८४३ मध्ये कोल पुन्हा त्याच जागी उभे राहिले. ‘रिव्हर इन द कॅट्सकिल्स’ हे ते चित्र बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. आता पुढची झाडे गेली आहेत. खोडांमध्ये एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा आहे, आणि मध्यावर पुलावरून एक इवलीशी गाडी चालली आहे. ती इतकी लहान आहे की घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते. आणखी विचित्र गोष्ट अशी, की ती रेल्वे १८४२ मध्येच बंद पडली होती. म्हणजे चित्रातली गाडी काढली तेव्हा ती धावतही नव्हती. झाडे मात्र गेली ती गेलीच.

१८५० मध्ये अमेरिकेत सुमारे नऊ हजार मैल रूळ होते, १८६० मध्ये तीस हजार. दहा वर्षांत तिपटीहून जास्त. एवढा पैसा ओतायचा तर लोकांच्या मनात रेल्वेबद्दल भरवसा हवा, आणि भरवसा तयार करायला चित्रासारखे साधन नाही. १८५३ साली, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच वर्षी, अ‍ॅशर ड्युरँडने ‘प्रोग्रेस’ नावाचे मोठे चित्र पुरे केले. डाव्या बाजूला कड्यावर, अंधारात, मूळ रहिवाशांचा लहानसा घोळका. उजवीकडे उतरत्या वाटेवर गुरे, गाड्या, तारेचे खांब. त्यापुढे कालवा, रेल्वे, आगबोटी, आणि क्षितिजावर उजेडात बुडालेले शहर. पैसे कुणाचे? रेल्वेच्या अर्थकारणात मुरलेल्या चार्ल्स गोल्ड यांचे. चित्र आता रिचमंडच्या व्हर्जिनिया ललितकला संग्रहालयात आहे. चित्रकार म्हणून ड्युरँड थोरच, पण हे चित्र वाचायला फारच सोपे आहे. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखे सगळे ओळीने मांडलेले.

कंपन्यांना हे तंत्र लवकरच कळले. १८५८ च्या जूनमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने चित्रकार, लेखक आणि फोटोग्राफर यांना खास गाडीत बसवून बाल्टिमोरपासून ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगपर्यंत फिरवून आणले. वाटेत हवे तिथे थांबा, स्केचे काढा, जेवणखाण आमच्याकडे. पुढच्या वर्षी ‘हार्पर्स’ मासिकात त्या सहलीचा लांबलचक सचित्र वृत्तान्त आला. आजकाल पर्यटन खाती लेखकांना जशा सहली घडवतात त्याचाच हा थोरला भाऊ.

एरी रेल्वेच्या वाटेवर पेनसिल्व्हेनियात १८४८ साली बांधलेला स्टारुका पूल आहे. दगडी कमानींचा, हजारभर फूट लांब, शंभर फूट उंच. आजही त्यावरून मालगाड्या जातात. जॅस्पर क्रॉप्सीने १८६५ मध्ये त्याचे चित्र केले. शरदातली पेटलेली झाडी, खाली नदी, पुढे खडकावर दोन माणसे. पूल मागे दूर आहे आणि त्यावरून गाडी येते आहे. एवढा अजस्र पूल, पण क्रॉप्सीने तो डोंगराच्या कुशीत असा ठेवला आहे की जणू तो डोंगराबरोबरच उगवला असावा. या साऱ्या चित्रांतली क्लृप्ती हीच. गाडी लहान ठेवायची. मग ती निसर्गाला दुखवत नाही, बघणारा निश्चिंत होतो आणि शेअर घेणाराही.

यादवी युद्ध संपले, पश्चिमेची वाट मोकळी झाली आणि गाडी एकदम मोठी झाली. तिला रात्री दिसू लागले. अमेरिकन इंजिनाच्या कपाळावर मोठा दिवा असे. कुंपण नसलेल्या माळावरून रात्री धावायचे तर तो लागेच. १८६७ मध्ये अँड्र्यू मेलरोजने आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सजवळचे दृश्य काढले. नुकतेच तोडलेले रान, एक झोपडी, अंधारातून थेट आपल्या अंगावर येणारा इंजिनाचा दिवा, आणि त्याच्यापुढे रुळांवरून उड्या मारत पळणारी हरणे.

त्याच वर्षी थिओडोर कॉफमन या जर्मनीतून आलेल्या चित्रकाराने इंजिनाच्या दिव्याचेच चित्र काढले, पण उलट्या बाजूने. दूर क्षितिजावर गाडीचा दिवा. पुढे गवतात पोटावर सरपटणारे मूळ रहिवासी, रूळ उखडणारे. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कातल्या प्लम क्रीकजवळ शायेन योद्ध्यांनी खरोखरच गाडी पाडली होती; बातमी ताजी होती. कॉफमनला हल्लेखोरांची कीव होती असे म्हणता येत नाही. तरी त्याने बघणाऱ्याला गाडीत न बसवता गवतात बसवले, आणि गाडी आपल्याकडे चालून येते तेव्हा काय वाटत असेल ते नकळत दाखवले. या काळातल्या डझनभर गाजलेल्या चित्रांपेक्षा सेंट लुइसच्या मर्कंटाइल लायब्ररीतले हे चित्र जास्त खरे आहे.

गाजले मात्र भलतेच. १८७२ मध्ये जॉर्ज क्रॉफट या प्रवास-मार्गदर्शिकांच्या प्रकाशकाने जॉन गॅस्ट या चित्रकाराला काय काय काढायचे ते तोंडी सांगितले आणि ‘अमेरिकन प्रोग्रेस’ तयार झाले. शुभ्र वस्त्रातली, कपाळावर तारा असलेली एक स्त्री हवेतून पश्चिमेकडे तरंगत निघाली आहे. एका हातात शाळेचे पुस्तक, दुसऱ्याने ती तारायंत्राची तार सोडत चालली आहे. तिच्या मागून आगगाड्या, पुढे पळणारे रानरेडे आणि मूळ रहिवासी. हे चित्र पाठ्यपुस्तकांत इतके छापले गेले आहे की मूळ भिंतभर असेल असे वाटते. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयात बघायला गेले तर ते उघडलेल्या मोठ्या वहीच्या दोन पानांएवढे निघते. क्रॉफटला भिंत भरायचीच नव्हती. त्याला रंगीत प्रती छापून आपल्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना द्यायच्या होत्या.

छापील चित्रांचा हा बाजार मराठी वाचकाला परका वाटू नये. घाटकोपरला सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या. न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज कंपनीने त्याच्या कितीतरी आधी आगगाड्या पोचवल्या. लहान प्रत काही सेंटला, मोठी एक ते तीन डॉलरला. रंग भरायला ओळीने बायका बसवलेल्या. एकीने फक्त निळा द्यायचा, दुसरीने फक्त तांबडा. कंपनीची सर्वांत कष्टाळू चित्रकार होती फॅनी पामर, इंग्लंडातल्या लेस्टरची. नवऱ्याच्या कमाईचा भरवसा नसल्याने घर तिच्याच पेन्सिलीवर चाललेले. १८६८ मध्ये तिच्या रेखाटनावरून ‘अ‍ॅक्रॉस द कॉन्टिनेंट’ हे चित्र निघाले. डावीकडे लाकडी घरांचे नवे गाव, त्यात सार्वजनिक शाळा. मधून तिरकी धावणारी सरळसोट गाडी. उजवीकडे घोड्यावर दोन मूळ रहिवासी, आणि इंजिनाचा सगळा धूर बरोब्बर त्यांच्या तोंडावर. डब्यावर ‘न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को’ अशा थेट गाडीची पाटी आहे. तशी सलग वाट पुरी व्हायला अजून वर्ष होते. आणि पामरबाई स्वतः पश्चिमेला कधी गेलेल्याच नव्हत्या.

१० मे १८६९ रोजी उटामधल्या प्रोमॉन्टरी समिटला दोन बाजूंचे रूळ भेटले. त्या क्षणाचा अँड्र्यू रसेलने घेतलेला फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यात समोरासमोर दोन इंजिने, हस्तांदोलन करणारे इंजिनियर, उंचावलेल्या बाटल्या आणि दाटीवाटीने गोरे कामगार आहेत. सेंट्रल पॅसिफिकच्या बाजूने सिएरा नेवाडाचे डोंगर फोडण्याचे बहुतेक काम हजारो चिनी मजुरांनी केले होते, पण त्या फोटोत ते जवळपास शोधावेच लागतात. चित्रकार थॉमस हिल यांनी तर त्यापुढे मजल मारली. कंपनीचे अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड यांच्याशी बोलणे करून त्यांनी ‘द लास्ट स्पाइक’ हे भव्य चित्र हाती घेतले आणि १८८१ मध्ये पुरे केले. त्यात चार्ल्स क्रॉकर, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स हे कंपनीचे दिग्गज हजर आहेत. प्रत्यक्षात त्या दिवशी तिघांपैकी एकही तिथे नव्हता. मार्ग आखणारे इंजिनियर थिओडोर जुडा हेही उभे आहेत. ते १८६३ मध्येच वारले होते. एवढा खटाटोप करूनही स्टॅनफर्डने चित्र घेतले नाही. हिल यांनी चिडून त्याबद्दल पुस्तिका छापली. आज ते चित्र कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि तिथे ते शोभतेही. कारण ते चित्र म्हणून यथातथाच आहे, पण रेल्वेचे मालक स्वतःला कसे बघत होते याचा पुरावा म्हणून अव्वल.

हंटिंग्टन जास्त चतुर. त्यांनी अल्बर्ट बिअरस्टाटला थेट डॉनर खिंडीत नेले. हीच ती जागा, जिथे १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या स्थलांतरितांच्या तांड्यावर मेलेल्या सोबत्यांचे मांस खायची पाळी आली होती. आणि इथेच चिनी मजुरांनी छिन्नी-हातोडा आणि सुरुंगाच्या दारूवर साडेसोळाशे फुटांचा बोगदा खोदला. १८७३ चे ते चित्र सूर्योदयाचे आहे. खाली तळे, समोर झळाळता प्रकाश. रेल्वे? उजव्या बाजूला कड्याला चिकटलेली बर्फछपरांची एक बारीक रेघ. एवढाच मजकूर. मजूर नाहीत, गाडी नाही, प्रवासी तर नाहीतच.

मग प्रवासी कुठे होते?

ते एका माणसाच्या चित्रांत होते, एडवर्ड लॅमसन हेन्रीच्या. १८६७ मध्ये त्याने कनेटिकटमधल्या स्ट्रॅटफर्ड गावची सकाळी पावणेदहाची गाडी काढली. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी साधी गाडी. अडीच फूट रुंदीच्या त्या चित्रात टुमदार स्टेशन, बग्ग्या, घोडे, निरोप, धावपळ असा सगळा मामला आहे. घड्याळाची वेळ चित्राच्या नावातच आहे, आणि त्या काळी ती गाव पाहून बदलत असे. अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी एकमताने प्रमाणवेळ लावली ती १८ नोव्हेंबर १८८३ पासून. मुंबईकरांनी आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, तेव्हा या भानगडीत हसण्यासारखे काही नाही. हे चित्रही शेवटी रेल्वेवाल्याचेच. ते काढवून घेतले जॉन टेलर जॉन्स्टन यांनी, जे न्यू जर्सीच्या रेल्वेचे अध्यक्ष होते आणि नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे पहिले अध्यक्ष झाले. चित्रही त्याच संग्रहालयात आहे.

हेन्रीला जुन्या गोष्टींचे वेड. १८९०च्या दशकात त्याने ऑगस्ट १८३१ मधल्या ऑल्बनी ते स्केनेक्टडी या गाडीचे मोठे चित्र केले. ‘डेविट क्लिंटन’ हे इंजिन आणि मागे घोडागाडीचे सांगाडे रुळांवर चढवून केलेले डबे. टपावरही माणसे बसलेली. त्या पहिल्या फेऱ्यांत ठिणग्यांनी लोकांचे कपडे आणि छत्र्या जळाल्याच्या आठवणी नोंदलेल्या आहेत. या गाडीचे त्या वेळचे चित्रही आहे, पण ते कुंचल्याचे नाही. विल्यम हेन्री ब्राउन हा काळ्या कागदातून माणसांच्या आकृत्या कापणारा कलावंत तिथे हजर होता. त्याने इंजिन, डबे आणि आत बसलेल्यांची एकेकाची मुद्रा कात्रीने कापून काढली. अमेरिकन आगगाडीतल्या प्रवाशांच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक अशी ही कात्रीची कामगिरी. त्या सावल्यांमध्ये नाके-हनुवट्या आहेत, उंच टोप्या आहेत. पुढच्या सत्तर वर्षांत तैलरंगातल्या थोर मंडळींना जे जमले नाही, किंवा करावेसे वाटले नाही, ते एका कागद कापणाऱ्याने करून ठेवले होते.

प्रवासी चित्रांत न येण्यामागे अमेरिकन डब्याची रचना हेही कारण सांगितले जाते. इंग्लंडातल्यासारखे बंद कप्पे नव्हते. एकच लांब खोली, मधून वाट, दोन्हीकडे बाके, टोकाला शेगडी. वाटेवरून पेपर, फळे, गोळ्या विकणारी पोरे फिरत. थॉमस एडिसन लहानपणी मिशिगनमध्ये हाच धंदा करायचा. एगच्या तरुणींसारखी दोन माणसांची बंदिस्त चौकट चित्रकाराला मिळत नव्हती, हे खरे. पण हे कारण पुरत नाही. वर्ग नाहीत असे अमेरिका अभिमानाने सांगत होती, आणि डब्यात काय चालले होते ते चित्रात येणे त्या अभिमानाला परवडणारे नव्हते. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिन येथे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना गोऱ्यांच्या डब्यातून ओढून बाहेर काढले. त्यांनी बाक इतके घट्ट धरले होते की तेही उपटून आले. फिलाडेल्फियात एका काळ्या प्रवाशाला गाडीतून हाकलल्याचे चित्र १८५६ मध्ये छापून आले, तेही लंडनच्या सचित्र साप्ताहिकात. १८९२ मध्ये लुइझियानात होमर प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला आणि वेगळ्या डब्यांवर कायद्याचा शिक्का बसला. यातले काहीही त्या काळच्या प्रतिष्ठित कॅनव्हासवर नाही.

याच डब्यांतून दोन मराठी बायकाही फिरल्या. जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या आणि फिलाडेल्फियात शिकल्या. त्यांच्या मार्च १८८६ च्या पदवीदानाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडल्या, पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला आल्या आणि १८८८ अखेर सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये निघाले. नऊवारीतली बाई अमेरिकन गाडीच्या खिडकीशी बसली आहे, हे चित्र काढायला तेव्हा कुणी ब्रश उचलला नाही.

शतक संपता संपता गाडीच चित्रातून नाहीशी झाली, आणि हा रेल्वेचा सर्वांत हुशार डाव. १८७१ मध्ये थॉमस मोरान यलोस्टोनला गेले ते नॉर्दर्न पॅसिफिकचे अर्थपुरवठादार जे कुक यांनी दिलेल्या ५०० डॉलरच्या आधाराने. त्यांचे यलोस्टोन दरीचे चित्र अमेरिकन संसदेने दहा हजार डॉलरला घेतले. मार्च १८७२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १८७३ मध्ये कुक यांची पेढी बुडाली, रेल्वे तिकडे पोचायला १८८३ उजाडले, पण ‘तिथे गेलेच पाहिजे’ ही इच्छा चित्राने आधीच पेरून ठेवली होती. १८९२ मध्ये सांता फे रेल्वेने मोरान यांना ग्रँड कॅनियनला नेले, मोबदल्यात चित्राचा हक्क घेतला, आणि त्याच्या छापील प्रती हॉटेले, शाळा, स्टेशने यांत टांगल्या. या चित्रांत ना रूळ ना धूर. पण बघणारा नेमका कुठे उभा आहे ते कंपनीला पक्के माहीत होते. तो तिकीटखिडकीसमोर उभा होता.

प्रवाशाची पाळी यायला १९४० उजाडावे लागले. तेविशीतल्या जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४०-४१ मध्ये ‘मायग्रेशन सीरिज’ ही साठ चित्रांची मालिका केली. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो काळ्या माणसांची ती कहाणी आहे, आणि पहिल्याच चित्रात स्टेशनवर खचाखच गर्दी आहे: शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस अशा पाट्यांच्या दरवाजांकडे सरकणारी डोकी, टोप्या, बोचकी. इंजिन नाही, डोंगर नाही, सूर्योदय नाही. साठही चित्रांची एकदम विक्री झाली नाही. विषम क्रमांकांची तीस चित्रे वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनने घेतली आणि सम क्रमांकांची तीस न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने. पहिले चित्र बघायचे असेल तर वॉशिंग्टनला जावे लागते.